वाचक विचारतात: 'बायोलॉजिकल अ‍ॅक्टिव्हिटी' म्हणजे नेमकं काय हो?

प्रश्न: सिगारेट कंपन्यांची जुनी अंतर्गत कागदपत्रं आता कोणालाही वाचता येतात, मी प्रोजेक्टसाठी त्यातली काही वाचतोय. त्यात 'बायोलॉजिकल अ‍ॅक्टिव्हिटी' हा शब्द सारखा येतो, अमुक धुराची अ‍ॅक्टिव्हिटी जास्त, तमुक फिल्टरने ती कमी झाली वगैरे. याचा अर्थ काय घ्यायचा? आणि कंपनीनेच केलेलं संशोधन म्हणजे ते सगळं बनावट धरायचं का?
– बायोटेकचा विद्यार्थी

उत्तर: अरे, सरळ सांगते, त्या कागदांत हा शब्द दिसला की बहुतेक ठिकाणी मनातल्या मनात 'कॅन्सर' वाच. एरवी लॅबमध्ये हा अगदी साधा शब्द आहे, एखाद्या पदार्थाने पेशीवर किंवा प्राण्यावर काहीही परिणाम केला, चांगला किंवा वाईट, तरी आपण तो बायोलॉजिकली अ‍ॅक्टिव्ह आहे असंच म्हणतो. सिगारेटवाल्यांना तो सोयीचा पडला कारण 'आपल्या धुराने उंदरांना गाठी होतायत' असं स्वतःच्या लेटरहेडवर कोणाला लिहायचं नव्हतं. ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोच्या 1950 च्या दशकातल्या कागदांत तर कॅन्सरसाठी 'झेफर' असा सांकेतिक शब्द होता, झेफर म्हणजे वाऱ्याची मंद झुळूक. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं.

आता ही अ‍ॅक्टिव्हिटी मोजायचे कशी ते बघ, म्हणजे शब्दामागे काय होतं ते कळेल. मशीन शेकड्याने सिगारेटी ओढणार, तो धूर खूप थंड केलेल्या काचेच्या भांड्यांतून न्यायचा, आत काळपट चिकट राप, म्हणजेच टार, बसतो, तो अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवायचा. उंदराच्या पाठीवरचे केस भादरायचे आणि ते द्रावण ब्रशने त्या उघड्या कातडीवर लावायचं, आठवड्यातून तीनदा वगैरे, आणि हे उंदीर जगेल तोपर्यंत, म्हणजे वर्ष-दीड वर्ष किंवा जास्तच. मग किती उंदरांना गाठी आल्या, किती दिवसांनी आल्या, त्यातल्या किती कॅन्सरच्या, हे मोजायचं. 1953 मध्ये अमेरिकेत विंडर, ग्रॅहम आणि क्रोनिंगर यांनी हा प्रयोग छापला तेव्हा टार लावलेल्या उंदरांपैकी 44 टक्के उंदरांना कातडीचा कॅन्सर झालेला होता. हे तिघं कंपनीचे नव्हते हे लक्षात ठेव.

त्यानंतर जे झालं ते तुझ्या प्रोजेक्टसाठी जास्त महत्त्वाचं. त्याच डिसेंबरात कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात जमले, हिल अँड नोल्टन नावाची पीआर फर्म हाताशी धरली, आणि 4 जानेवारी 1954 ला चारशेहून जास्त वर्तमानपत्रांत पानभर निवेदन आलं की उंदरांवरचे प्रयोग काही निर्णायक नाहीत, लोकांचं आरोग्य आम्हाला धंद्यापेक्षा मोठं आहे, आणि आम्ही संशोधनाला पैसे देऊ. पैसे दिलेही. पण नेमका तोच उंदराचा प्रयोग, जो बाहेर निर्णायक नव्हता, तो त्यांनी पुढची वीसेक वर्षं स्वतःसाठी करून घेतला! इंग्लंडमध्ये हॅरोगेटला कंपन्यांच्या संघटनेची खास लॅब 1962 मध्ये उघडली. ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोने 1965 पासून जर्मनीत फ्रँकफर्टला बॅटेल संस्थेकडून 'प्रोजेक्ट जेनस' चालवलं, तंबाखू बदलून, कागद बदलून, काही मिसळून पुन्हा पुन्हा उंदरांच्या पाठीला राप लावून बघितला. आता जो प्रयोग निरर्थक वाटतो त्यावर इतकी वर्षं कोण पैसा घालेल, तूच सांग.

लिगेट या अमेरिकन सिगारेट कंपनीची गोष्ट तर मला सगळ्यात जास्त लागते. त्यांच्या केमिस्ट लोकांनी, जेम्स मोल्ड त्यात प्रमुख, तंबाखूत पॅलेडियम आणि मॅग्नेशियम नायट्रेट घालून अशी सिगारेट तयार केली की तिच्या रापाने उंदरांना गाठी येणं फार कमी झालं. 1970 च्या दशकाच्या शेवटी ती जवळपास तयार होती. बाजारात आलीच नाही. मोल्ड यांनी नंतर साक्ष दिली, वकिलांचं म्हणणं होतं की ही कमी धोक्याची म्हणून विकली तर बाकीच्या धोक्याच्या आहेत हे आपणच कबूल केल्यासारखं होईल. आणि आर. जे. रेनॉल्ड्स या दुसऱ्या अमेरिकन सिगारेट कंपनीच्या विन्स्टन-सालेममधल्या लॅबमध्ये, तिला तिथले लोक 'माऊस हाऊस' म्हणायचे, धुराने फुप्फुसाला काय होतं यावर काम चालू होतं. 1970 मध्ये एका दिवसात ती लॅब बंद करून 26 जणांना घरी पाठवलं.

म्हणून बनावट म्हणू नकोस. लॅबमधलं काम बऱ्याचदा चांगलंच होतं, चांगलं होतं म्हणूनच तर ते लपवावं लागलं. खोटं होतं ते बाहेर बोललेलं. तू एक कर, कुठलाही अंतर्गत रिपोर्ट घेतलास की त्याच वर्षीचं कंपनीचं जाहीर निवेदन शोध आणि दोन्ही शेजारी ठेवून वाच. 2006 मध्ये वॉशिंग्टनच्या कोर्टात न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी मुख्यतः हेच केलं, दीड हजारांहून जास्त पानांचा निकाल आहे, कंपन्यांनी लोकांची फसवणूक केली असं त्यात स्वच्छ लिहिलंय.

प्रश्न: आमचे हे खिडकीत उभे राहून ओढतात. म्हणतात मी आत घेतो तो धूर कडक, टोकाचा धूर हवेत जातो, तो काय पातळच असतो. खरंय का? घरात लहान मूल आहे.
– एक वाचक

उत्तर: नाही ताई, उलट आहे. झुरका घेताना टोक 900 डिग्रीच्या आसपास तापतं, मधल्या वेळात सिगारेट नुसती धुमसते, तापमान उतरतं आणि अर्धवट जळतं. शिवाय तो धूर फिल्टरमधून जातच नाही. याला साइडस्ट्रीम धूर म्हणतात.

आणि हे कंपनीलाच आधी माहीत होतं. फिलिप मॉरिस या अमेरिकन सिगारेट कंपनीने 1971 मध्ये जर्मनीत कोलोन इथली इन्बिफो नावाची लॅब घेतली, तीसुद्धा आपल्या स्विस कंपनीमार्फत, म्हणजे अमेरिकेतल्या कंपनीचं नाव त्यात यायला नको. तिथे 1980 च्या दशकात उंदरांना दोन्ही धूर देऊन बघितले. ताजा साइडस्ट्रीम धूर ओढून घेतलेल्या धुरापेक्षा साधारण चौपट विषारी निघाला, आणि त्याचा राप तेवढ्याच वजनाला दुप्पट ते सहापट जास्त गाठी करणारा. हे निकाल त्यांनी छापले नाहीत, बाहेरच्या दोन संशोधकांनी कागद चाळून 2005 मध्ये जगापुढे आणले. कंपनीचे संशोधनप्रमुख थॉमस ऑस्डीन यांच्या हाताने लिहिलेली एक चिठ्ठी आहे, महत्त्वाची पत्रं माझ्या घरी पाठवा, मी काम करून ती नष्ट करेन, अशी. लहान मुलं असलेल्या घरांत ही माहिती वीस वर्षं आधी पोचायला हवी होती याचा मला अजून राग येतो.

तेव्हा खिडकी पुरेशी नाही, धूर आतच ओढला जातो. बाहेर, दार लावून, मुलापासून लांब. आणि सोडायची म्हणाले तर डॉक्टरकडे तुम्ही बरोबर जा, निकोटिनची गोळी किंवा पॅच घेऊन सोडणं नुसत्या निश्चयापेक्षा सोपं जातं.

प्रश्न: पाकिटावर टार कमी लिहिलेली सिगारेट कमी अ‍ॅक्टिव्ह का?

उत्तर: तो आकडा मशीनचा आहे. जुन्या अमेरिकन पद्धतीत मशीन मिनिटाला एक झुरका घेतं, 35 मिलिलिटर, दोन सेकंद. फिल्टरच्या कडेने बारीक छिद्रं असतात, त्यातून हवा मिसळून मशीनला धूर पातळ मिळतो. माणूस त्याच छिद्रांवर बोटं आणि ओठ ठेवतो, निकोटिन कमी वाटलं की खोल ओढतो, शेवटपर्यंत ओढतो. माझा काका 'लाइट'वर आला तो एका पाकिटावरून दोनवर गेला आणि वर्षभर आम्हाला सांगत होता की मी कमी केलंय, आणि त्याला खरंच तसं वाटत होतं. अमेरिकेत जून 2010 पासून पाकिटावर 'लाइट', 'माइल्ड' लिहायला बंदी आहे. फिल्टरचा कागद सोडवून उजेडासमोर धरा, बऱ्याच सिगारेटींत छिद्रांची ती ओळ दिसते.