बेळगावात वाढणाऱ्या मुलीला सरकार आणि जग यांवरची कोणती पुस्तकं द्यावीत?

तुमची मुलगी नऊ वर्षांची, बेळगावात मराठी शाळेत शिकते, आणि सरकार कसं चालतं, जगातली माणसं कशी राहतात हे सांगणारी पुस्तकं तिच्यासाठी हवीत, असं तुम्ही विचारलंय. मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवते, त्यामुळे या शोधात मीही बरीच वर्षं आहे.

सरकारवरचं पुण्या-मुंबईत छापलेलं मराठी पुस्तक जरूर घ्या, पण नुसतं हातात देऊन मोकळे होऊ नका. त्यात सरपंच असतो, ग्रामसेवक असतो, सातबारा असतो, विधानसभेत २८८ आमदार असतात. आपल्याकडे कर्नाटकात पंचायतीला अध्यक्ष, ऑफिसात पीडीओ म्हणजे पंचायत विकास अधिकारी, उतारा कन्नडमध्ये, कलेक्टरच्या जागी डीसी म्हणजे डेप्युटी कमिशनर आणि विधानसभेत आमदार २२४. माझ्या वर्गातल्या एका मुलाने घरी विचारलं, ‘आपला सरपंच कोण?’ आजोबा म्हणाले, ‘सरपंच कुठला, अध्यक्ष हाय की.’ दुसऱ्या दिवशी पोरगा मला सांगतो, ‘बाई, पुस्तक चुकलंय.’ तेव्हापासून मी अशा पुस्तकांच्या समासात पेन्सिलीने आपल्याकडचे शब्द लिहून ठेवते. तुम्ही हे मुलीकडूनच करून घ्या. घरचं रेशनकार्ड, उतारा, घरपट्टीची पावती समोर ठेवा आणि कोणता कागद कुठल्या ऑफिसातून आला ते तिला शोधू द्या. एका रविवारी हलग्याजवळची सुवर्णसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची बेळगावातली इमारत, दाखवून आणा. २०१२ साली तिचं उद्घाटन झालं, आणि हिवाळी अधिवेशनाला अख्खं सरकार बेंगळूरहून तिथे येतं. आमच्या खानापूरच्या मुलांना नकाशात आणखी एक गंमत सापडते: जिल्हा बेळगाव, पण खासदार उत्तर कन्नड मतदारसंघाचा.

आणि एक गोष्ट तिला आवर्जून सांगा, कारण मुलांच्या पुस्तकांत ती मला क्वचितच दिसते. राज्यघटनेत ३५०-अ हे कलम आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असं ते सांगतं. १९५६ साली, राज्यांची पुनर्रचना झाली त्याच वर्षी, ते घटनेत आलं. मी हे वर्गात सांगते तेव्हा मुलं ताठ बसतात. आपल्या शाळेबद्दल घटनेत लिहिलंय, हे त्यांना फार मोठं वाटतं.

जगाच्या पुस्तकांचं म्हणाल, तर एका पानावर एक देश, त्याचा झेंडा, पोशाख आणि जेवण, असली पुस्तकं मी घेत नाही. त्यांत आफ्रिका म्हणजे झोपड्या आणि ढोल. इकडे खानापूरच्या जंगलपट्ट्यात सिद्दी कुटुंबं राहतात, त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांच्या बायका जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांतून सुंदर गोधड्या शिवतात. माझ्या वर्गात सिद्दी मुली शिकून गेल्या आहेत. त्यांच्यासमोर ते झोपडीचं पान उघडायला माझा हात धजत नाही.

त्यापेक्षा एका मुलाची, एका घराची गोष्ट सांगणारं पुस्तक निवडा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर चित्रकथा फुकट वाचता येतात, आणि कितीतरी कथा मराठीतही आहेत, कन्नडमध्येही. गल्लीतल्या कन्नड मैत्रिणीला शेजारी बसवा. एक पान हिने वाचायचं, एक तिने.

एकच पुस्तक विकत घेणार असाल तर ‘तोत्तोचान’ घ्या. तेत्सुको कुरोयानागी यांनी आपल्या तोक्योतल्या शाळेची ही हकिकत लिहिली आहे. आगगाडीच्या डब्यांत वर्ग भरायचे. नॅशनल बुक ट्रस्टने ते मराठीत आणि कन्नडमध्येही काढलं आहे. त्या शाळेत डब्यात समुद्राचं काहीतरी आणि डोंगराचं काहीतरी आणायचा नियम होता. आमच्या वर्गाने तो आठवडाभर पाळला. कुणी कारवारकडचा सुका बांगडा आणला, कुणी रानातली अळंबी, आणि ज्यांच्या घरी मासे चालत नाहीत त्यांनी मिठाची पुडी आणली, मीठ समुद्राचंच की!

नऊ वर्षांच्या मुलीला ते एकटीने वाचायला जड जाईल. प्रकरणं दोन-तीन पानांचीच आहेत, रोज रात्री एक वाचून दाखवा.