पंपावर अडकलेले 175 डॉलर

प्रश्न : मे महिन्यात मी आणि हे लेकीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. गाडीने नायगाराला जाताना पेनसिल्व्हेनियात एका पंपावर आमचं फॉरेक्स कार्ड (आधी डॉलर भरून घेतलेलं) लावून जावयांनी पेट्रोल भरलं. झाले 41 डॉलर, पण मोबाइलवर मेसेज 175 डॉलरचा! रात्री मोटेलमध्ये कार्ड चाललं नाही, पुरेसा बॅलन्स नाही म्हणाले. जास्तीचे पैसे नवव्या दिवशी परत दिसले. मुंबईत बँकेत विचारलं, तर "तुम्हीच मशीन चुकीचं वापरलं असेल" एवढंच ऐकवलं. आमचं काय चुकलं? दिवाळीनंतर पुन्हा जायचंय.
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : ताई, तुमचं काहीही चुकलेलं नाही. मी स्वतः बँकेच्या कार्ड विभागात बावीस वर्षं काढली. समोरच्या माणसाला असं उत्तर देऊन वाटेला लावणं मला तेव्हाही सहन होत नसे.

आपण दादरच्या पंपावर काय करतो? काच खाली करून "हजारचं टाक" म्हणतो. तो "मॅडम, झिरो बघा" म्हणत मीटरकडे बोट दाखवतो, पेट्रोल टाकतो आणि मग कार्ड घेतो नाहीतर क्यूआर पुढे करतो. म्हणजे आकडा ठरलेला आणि पैसे शेवटी. न्यू जर्सीत 1949 पासूनच्या कायद्याने पेट्रोल स्वतः भरता येत नाही, तिथे निदान समोर माणूस असतो. हद्द ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलात की कार्ड आधी आणि नोझल आपल्या हातात. तुम्ही दहा डॉलरचं भरणार की टाकी फुल करणार, हे पंपाला ठाऊक नसतं. म्हणून तो तुमच्या बँकेकडे आधीच एक मोठी रक्कम रोखून मागतो. कोणी एकच डॉलर मागतो, कोणी थेट 175. अशी जास्तीत जास्त किती रक्कम रोखता येते, ती मर्यादा व्हिसा आणि मास्टरकार्डने 2022 मध्ये 125 वरून 175 वर नेली.

हे पैसे पंपाला गेलेले नसतात, फक्त अडकवलेले असतात. बँकेच्या भाषेत हाच प्री-ऑथोरायझेशन होल्ड. आयपीओचा अर्ज भरल्यावर खात्यातली रक्कम ब्लॉक होते, तसंच. पेट्रोल भरून झालं की 41 डॉलरचा खरा हिशेब वेगळा येतो. तुमच्या बँकेने तो आधीच्या 175 शी जुळवला, तर होल्ड लगेच सुटतो. जुळवला नाही, तर मुदत संपेपर्यंत तो तसाच बसून राहतो, आणि तेवढे दिवस 175 अधिक 41 असे 216 डॉलर तुमच्या हाताबाहेर. मोटेलमध्ये कार्ड नाकारलं गेलं ते यामुळेच.

फॉरेक्स किंवा डेबिट कार्डावर अडकतो तो तुमचा स्वतःचा, रोजच्या खर्चाचा पैसा. परदेशात, संध्याकाळच्या वेळी, हाताशी दुसरी सोय नसताना हे फार जीवघेणं होतं. क्रेडिट कार्डावर तोच होल्ड लिमिटमधून वजा होतो, त्यावर व्याज लागत नाही आणि बिलात फक्त खरे 41 येतात. आपल्याकडच्या बऱ्याच कार्डांवर परकीय चलनाचं साडेतीन टक्क्यांपर्यंतचं शुल्क आणि त्यावर जीएसटी लागतो, हे खरं. पण 41 डॉलरवर ते दोन डॉलरच्या आतच राहतं, आणि तेवढे मी आनंदाने देईन. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर चालू करून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर 2020 पासून नवी कार्डं फक्त देशातल्या वापरापुरती चालू होऊन मिळतात.

फॉरेक्स कार्डच वापरायचं असेल तर दादरसारखंच करा, आकडा आधी सांगा. पंपावर कार्ड न लावता आत दुकानात जायचं आणि काउंटरवर "चार नंबर, चाळीस डॉलर" म्हणायचं. मग चाळीसच मागितले जातात. शिवाय पंपाचं मशीन बऱ्याचदा पाच आकडी झिप कोड, म्हणजे तिथला पत्त्याचा पिन कोड, विचारतं आणि आपला सहा आकडी पिन कोड त्यात बसत नाही, तो घोळही टळतो.

पुन्हा कधी असं अडकलंच, तर बँकेत "पैसे कापले गेले" असं सांगू नका. "प्री-ऑथोरायझेशन होल्ड सुटलेला नाही, पंपाची पावती माझ्याकडे आहे," असं सांगा आणि तसंच लेखी द्या. म्हणून पावती टाकू नका. आणि पंपाचा नंबर गाडीतून उतरतानाच बघून ठेवा, काउंटरवर पहिला प्रश्न तोच असतो.