उत्तर: १०५ सोडून ९० च्या क्लासला परत यायचंय, पाणी तोडू का?

भावा, तुझी पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. कंबर धरली, मग घरी बाळ आलं, चार वर्षं लॉगला, म्हणजे स्ट्राँगमन स्पर्धेत डोक्यावर उचलायच्या ओंडक्यासारख्या जाड बारला, हात नाही, पूर्वी १०५ किलोच्या वजनगटात खेळायचास, आता वजन ९६ आणि तीन महिन्यांनी ९० च्या क्लासला उतरायचंय, शेवटचे चार-पाच किलो पाणी तोडून, म्हणजे वजन करायच्या आधी पिणं बंद करून, काढू का, असा तुझा प्रश्न. मी जवळजवळ ह्याच वजनावरून ह्याच क्लासला परत आलो होतो म्हणून सविस्तर लिहितोय. वयाने लहान वाटलास म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नको. मी डॉक्टर नाही, कोचही नाही. तुझी कंबर ज्यांनी तपासली त्यांना विचारल्याशिवाय ह्यातलं काहीही करू नको.

डाएट आणि प्रोग्रॅमवर लिहीत नाही, इतकी वर्षं खेळलायस, ते तुला येतंच. आठवड्याला अर्धा किलो धरला तरी १२ आठवड्यांत ९६ चे ९० होतात, त्यासाठी भाकरी सोडावी लागत नाही. म्हणजे चार-पाच किलो पाण्याचा विषय मुळात येतोच कशाला? फार तर शेवटचा किलोभर उरेल, आणि तो दोन दिवस सॅलड-डाळी-भाकरी कमी करून पोट हलकं ठेवलं तरी जातो.

आता मुख्य गोष्ट. वजन कधी करणार, हे तुझ्या हातात लेखी आहे का? नसेल तर आजच मागव. पॉवरलिफ्टिंगमध्ये आयपीएफचा, म्हणजे त्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, नियम छापलेला आहे, स्पर्धा सुरू व्हायच्या दोन तास आधी वजनं चालू. कुस्तीत सकाळी वजन, दुसऱ्या दिवशी लढत असेल तर परत सकाळी वजन. २०२४ ला पॅरिसमध्ये विनेशच्या बाबतीत १०० ग्रॅमने काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलं, पण तिथे निदान नियम काय आहे हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. स्ट्राँगमनमध्ये सगळ्यांवर एक अशी संघटनाच नाही. कुणी आदल्या दिवशी वजन घेतं, कुणी त्याच सकाळी, जो भरवतो त्याचा नियम.

मला स्पर्धा भरवणाऱ्यांच्या ज्या कार्यालयाने सर्वात जास्त महागात पाडलं त्याचं नाव घेत नाही, त्यातली काही माणसं अजून ह्याच खेळात आहेत. फॉर्मवर वेळ नव्हती. फोन केला तर "आदल्या दिवशी संध्याकाळी, या निवांत". मेल केला, उत्तर नाही. परत फोन, तर साहेब बाहेर गेलेत. मी त्या फोनवरच्या शब्दावर पाणी तोडलं, रात्रभर ट्रेनने गेलो, संध्याकाळी हॉलवर पोचलो तर एक पोरगा खुर्च्या मांडत होता, तो म्हणाला काटा अजून आलाच नाही, वजनं उद्या सकाळी सात वाजता. आता सांग, घसा कोरडा पडलाय, काट्यावर उतरून ओआरएस प्यायचं म्हणून पिशवीत पाकिटं तयार आहेत, आणि अजून एक रात्र तसंच काढायचं! मे महिना, लॉजवर पंखा. सकाळी वजन बसलं, साडेनऊला पहिला इव्हेंट. दोन तासांत अंगात पाणी भरून निघत नाही रे, कितीही प्यालास तरी पोटात डुचमळतं नुसतं. लॉग छातीपर्यंत आला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. फार्मर्स वॉकला, म्हणजे दोन्ही हातांत जड वजनं घेऊन चालायच्या इव्हेंटला, अर्ध्यात थांबलो आणि बोटांत असा वांब आला की हँडल जमिनीवर टेकलं तरी मूठ सुटेना, शेजारच्या लेनमधल्या पोराने एकेक बोट धरून सोडवलं. स्टोनपर्यंत, म्हणजे मोठे गोल दगड उचलायच्या इव्हेंटपर्यंत, गेलोच नाही. एन्ट्री फी, रजा, सगळ्या हंगामाची मेहनत, कुणी साधं सॉरीसुद्धा म्हणालं नाही. "तुम्ही आधी विचारायला हवं होतं" म्हणाले!! विचारलंच होतं की.

राग पैशाचा नाही. ही गोष्ट जिवावर बेतू शकते. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर वजन तोडताना गेले, त्यानंतर तिथे नियम बदलून वजनं लढतीच्या जवळ आणली. आपल्याकडे उन्हात, पत्र्याच्या शेडमध्ये योक, म्हणजे खांद्यावर घेऊन चालायची जड चौकट, उचलायचा असतो. तेव्हा वजनाची तारीख, वेळ, आणि काटा कोणता, हे मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर लेखी आल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही. उत्तर आलंच नाही तर वजन त्याच सकाळी आहे असं धरून चाल, नाहीतर ती स्पर्धा सोड. आणि कुणी लघवीच्या गोळ्या सुचवल्या तर त्या माणसाचं पुढे काहीच ऐकू नको, वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) यादीत त्या बंद आहेत आणि कोरड्या अंगावर त्या घेणं म्हणजे मरणाशी खेळ.

काट्याचंही बघ. वैधमापनचा चालू वर्षाचा शिक्का असलेला काटा मिळाला तर उत्तम, माझ्या ओळखीच्या किराणावाल्याकडे गोणी मोजायचा आहे, त्यावर मी घरचा काटा पडताळून घेतो. आणि वजनाच्या वेळी काटा जिमच्या रबरी मॅटवर ठेवलाय का ते बघ, ठेवला असेल तर फरशीवर घ्यायला लाव, मऊ जमिनीवर तो भलतंच दाखवतो.

आता ९० ला आल्यावर अंगात काय बदलतं ते, कारण ह्यावर कुणी बोलत नाही. ताकद सगळीकडून सारखी जात नाही. माझी डेडलिफ्ट आणि ग्रिप फारशी हलली नाही, लॉग मात्र आधी गेला. छाती-पाठीची जाडी कमी झाली की लॉगला टेकायला जागाच उरत नाही, जुन्या रॅकने, म्हणजे छातीवर धरायच्या जुन्या पद्धतीने, तो पुढे घसरतो, कोपरं अजून वर ठेवायला शिकावं लागतं. स्टोन मांडीवर घेऊन पोटाला टेकवायचास ना, ते पोटच गेलेलं असतं, मग छातीला जास्त कवटाळून वर न्यावा लागतो. योकखाली पहिले काही आठवडे डुगडुगल्यासारखं होतं. ट्रक ओढताना अंगाचं वजन कामाला येतं, तिथे हलका माणूस मार खातो. उलट मेडली (लागोपाठ वेगवेगळ्या वस्तू न्यायचा इव्हेंट) आणि फार्मर्सला तुला स्वतःलाच आश्चर्य वाटेल इतका वेग येईल, गुण तिथे कमव. आणि तुझ्या कंबरेचा विचार करून सांगतो, बेल्ट आत्ताच बघ. जुना बेल्ट शेवटच्या भोकावरही सैल होणार, त्या सैल बेल्टवर जड योक घेऊ नको, नवीन घे आणि स्पर्धेआधी महिनाभर तरी वापरून मऊ कर.

पोस्टमध्ये आइसलँडच्या स्ट्राँगमन ब्योर्नसनचा दाखला दिलायस. त्याने २०२० ला ५०१ किलो डेडलिफ्ट मारली, मग बॉक्सिंगसाठी जवळजवळ ५० किलो उतरवले, हे बरोबर. पण २०२५ ला ५१० उचलली ती हलक्या अंगाने नाही, आधी वजन परत चढवलं. तो रस्ता वेगळा, तो आपल्या उपयोगाचा नाही. तुझ्या बाबतीत मला हलकं होणं पटतं. कंबर दुखलेल्या माणसाने १०५ ला परत यायला नऊ किलो खाऊन चढवायचे, ते बहुतेक पोटावर चढणार, त्यापेक्षा ९० ची वजनं कमी असतात, त्यावर हळूहळू परत ये. हे माझं मत, इथले काहीजण उलट सांगतील.

ओआरएस घेताना पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का ते वाचून घे, टेट्रापॅकमधलं गोड सरबत नको. टॅकी, म्हणजे स्टोन पकडायला हाताला लावायचा चिकट पदार्थ, काढायला खोबरेल तेल चोळ, मग साबण, रॉकेलने कातडी जाते. उन्हाळ्यात टॅकी वितळून स्टोन गुळगुळीत होतो, डबा आईसबॉक्समध्ये ठेव.

फॉर्म भरायच्या आधी त्यांचं नियमपत्रक इथे टाक, नाव झाकून टाकलंस तरी चालेल. वजनाच्या वेळेबद्दल त्यात काही गोलमाल असेल तर सांगतो, आणि त्यांना काय लिहून विचारायचं तो मेलही लिहून देतो.