वाड्या-तांड्यांवरच्या हाडं-सांध्यांच्या दुखण्याचा अंदाज घ्यायला एक शिबिर पुरेल का?

तुम्ही विचारलंय की, तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवर कंबरदुखी, गुडघेदुखी, सांधेदुखी किती आहे आणि त्यासाठी कोणती सोय करावी हे तुमच्या संस्थेला ठरवायचंय, तर एक मोठं तपासणी शिबिर घेतलं की भागेल का. मी फिजिओथेरपिस्ट आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या वस्त्यांवर काही वर्षं हेच काम केलंय, त्यावरून सांगते: नाही भागणार. शिबिराला कोण येतं? ज्याला त्या दिवसाची मजुरी बुडवणं परवडतं आणि ज्याला मांडवापर्यंत चालवतं तो. ज्या आजीचे गुडघे सगळ्यात वाईट आहेत, ती घरातच राहते आणि तुमच्या आकड्यात येतच नाही.

म्हणून घरोघरी जा. यासाठी आपल्याकडचंच उदाहरण आहे. इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने 'कॉपकॉर्ड' पद्धतीने दारोदार पाहणी केली. ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारातून आली, कमी खर्चात होते. गावातलेच कार्यकर्ते घरोघर विचारतात, दुखणं असलेल्यांना माणसाच्या आकृतीवर जागा दाखवायला सांगतात आणि मग डॉक्टर तपासतात. तिथे 4,000 हून जास्त प्रौढांपैकी सुमारे 18 टक्के लोकांना हाडं-स्नायू-सांध्यांचं दुखणं निघालं. आमवात, म्हणजे सांधे सुजवणारा आणि तज्ज्ञ डॉक्टर लागणारा आजार, मात्र फक्त अर्ध्या टक्क्याच्या आसपास. म्हणजे बहुतेकांना मोठं हॉस्पिटल नको असतं, जवळ कुणीतरी नीट बघणारं हवं असतं.

आता प्रश्न कसे विचारायचे, कारण घोळ तिथेच होतो. पहिल्या वर्षी आम्ही सरळ विचारायचो, "काही दुखतं का?" एक पंचेचाळिशीच्या ताई म्हणाल्या, "नाही ओ, काही नाही." कार्यकर्तीने 'नाही'वर खूण केली. मी सहज विचारलं, मोळी डोक्यावर कशी घेता? त्या दाखवायला उठल्या. आधी एक हात जमिनीवर, मग दुसरा हात दाराच्या चौकटीला, मग कुठे कंबर सरळ. म्हणाल्या, "हे व्हय? हे तर सगळ्यांचंच आंबतं. त्याला दुखणं कोण म्हणतं?" दिवसभर वाकून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, असं वर्षातले पाच-सहा महिने करणाऱ्या बाईला कंबर धरणं हा आजार वाटतच नाही.

तेव्हापासून आम्ही कामावरून विचारतो. उकिडवं बसून उठता येतं का? हंडा कमरेवर घेता येतो का? सकाळी अंग किती वेळ आखडलेलं असतं? परदेशी प्रश्नावल्यांत मोजे घालता येतात का, बाथटबमध्ये उतरता येतं का असं असतं, ते तसंच मराठीत उतरवून नेऊ नका. दुखण्याचे शब्दही तिथलेच घ्या: उसण, चमक, ठणका, मुंग्या. बंजारा तांड्यावर गोरमाटी बोलणारी बाई सोबत हवीच.

घरातल्या गोळ्याही आवर्जून बघायला मागा. बऱ्याच घरांत खुंटीला एक प्लॅस्टिकची पिशवी असते. त्यात नाव फाटलेल्या पट्ट्या, सुट्या पांढऱ्या गोळ्या, कधी स्टेरॉइडसुद्धा. वर्षानुवर्षं उपाशीपोटी अशा वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांची जठर आणि मूत्रपिंडं बिघडतात, आणि ही माहिती कुठल्याच फॉर्मवर आपण होऊन येत नाही.

काही खुणा दिसल्या तर मोजणी बाजूला ठेवून माणसाला लगेच पुढे पाठवा. पाठदुखीसोबत ताप आणि वजन घटणं असेल तर मणक्याच्या क्षयाची शंका घ्या. पायांतली ताकद जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटला असेल तर त्याच दिवशी. एखाद्या वस्तीत तरुणांच्याही पाठी ताठ झाल्या असतील आणि मुलांच्या दातांवर तपकिरी डाग असतील, तर विंधन विहिरीच्या पाण्यातलं फ्लोराइड तपासून घ्या. किनवट, यवतमाळ, चंद्रपूरकडे हा त्रास आहे. लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असेल तर तिथे आधी पाणी बदलायला हवं.

वेळ पावसाळ्याची धरा. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की तांड्यावर म्हातारी माणसं आणि पोरंच उरतात, आणि काम करणारी शरीरं तुमच्या मोजणीतून निसटतात. जायचं ते सकाळी लवकर किंवा दिवे लागल्यावर.

आणि पुढची सोय ठरल्याशिवाय दार वाजवू नका. आम्ही एकदा ती चूक केली. दुसऱ्या वर्षी त्याच ओट्यावर एका आजोबांनी विचारलं, "मागच्या बारीला लिहून नेलं, त्याचं काय झालं?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. आता ज्याला तपासणीची गरज आहे त्याच्या हातात तारीख, जागा आणि तिथे कोण भेटणार हे लिहिलेली चिठ्ठी दिल्याशिवाय आम्ही त्या घरातून उठत नाही.