वाचकांचे प्रश्न : स्त्रीवादी आणि गर्भपातविरोधीही?

प्रश्न : मी स्वतःला स्त्रीवादी मानते. पण गर्भपात मला चूक वाटतो आणि तो कायद्याने बंद व्हावा असंही वाटतं. मैत्रिणी म्हणतात, हे दोन्ही एकत्र नांदूच शकत नाही. खरंच?

तुम्ही दोन प्रश्न एका दमात विचारलेत. गर्भपात चूक वाटणं, स्वतः तो कधीच न करणं, याचं स्त्रीवादाशी काही वाकडं नाही. अमेरिकेत मताधिकारासाठी लढणाऱ्या बऱ्याच जणींना गर्भपात मान्य नव्हता. तेव्हा तो बाईच्या जिवावर बेतायचा, आणि नको असलेलं गरोदरपण बरेचदा नवऱ्याच्या जबरदस्तीतून येतं, हे त्या उघड बोलत. त्या लढ्यातल्या नेत्या सुझन बी. अँथनी यांच्या ‘द रिव्होल्यूशन’ साप्ताहिकात १८६९ साली ‘ए’ अशा सहीने आलेला लेख गर्भपातविरोधक आजही पुढे करतात. तो अँथनींचाच का, यावर वाद आहे. पण लेख शेवटपर्यंत वाचला तर गंमत कळते : गर्भपाताची चीड असूनही शिक्षेचा कायदा तिथे नाकारलाय. वरवरचं तण कापून मूळ तसंच राहील, असा मुद्दा आहे.

अडतं ते कायद्याच्या बंदीपाशी. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत सुरू झालेल्या ‘फेमिनिस्ट्स फॉर लाइफ’ या गर्भपातविरोधी स्त्रीवादी संघटनेचं म्हणणं थोडक्यात असं : दुबळ्याला मालमत्ता समजू नये हे स्त्रीवादाचंच तत्त्व, मग गर्भ त्यातून का वगळायचा? शिवाय गर्भपात सोपा झाला की जबाबदारी झटकणारा पुरुष आणि बाळंतपणाची रजा नाकारणारा मालक, दोघंही सुटतात. यातला दुसरा मुद्दा तर आम्हाला पूर्ण पटतो. मात्र रजा, पाळणाघर, पोटगी यांसाठी लढायला बंदी लागत नाही.

बंदी म्हणजे बाईचं शरीर नऊ महिने तिच्या मर्जीविरुद्ध वापरायला कायद्याची परवानगी. स्वतःच्या मुलासाठी बापाने मूत्रपिंड द्यावं अशी सक्ती कुठलाही कायदा करत नाही, रक्ताची बाटलीसुद्धा नाही. हा भार फक्त गरोदर बाईवर का, याचं उत्तर बंदीवाल्या स्त्रीवादीने द्यायला हवं. आणि परिणामही पाहायला हवेत. रोमानियात हुकूमशहा चाउशेस्कूने १९६६ साली गर्भपातावर जवळपास बंदी आणली. माता-मृत्यू युरोपात सर्वाधिक झाले. डिसेंबर १९८९ मध्ये बंदी उठली आणि वर्षभरात ते प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं.

तरीही गर्भ हा पहिल्या दिवसापासून पूर्ण माणूस आहे, असं जिला मनापासून वाटतं तिचं समाधान यातून होणार नाही. तिला स्त्रीवादातून हाकलून देण्याचा अधिकार कुणालाच नाही. आमच्या मते मात्र तिची बंदीची मागणी स्त्रीवादाच्या गाभ्याशी भांडते.

प्रश्न : मुलगी आहे म्हणून गर्भ पाडतात. मग गर्भपातविरोध हाच खरा स्त्रीवाद नाही का?

या पेचावर महाराष्ट्रातल्या चळवळीने १९८०च्या दशकातच तोड काढली. मागणी ठेवली ती लिंगनिदानावर बंदीची, गर्भपातावर नव्हे. १९८८ चा महाराष्ट्राचा कायदा त्यातून आला, १९९४ चा केंद्राचा त्यानंतर. गुन्हा आहे तो लिंग तपासण्याचा आणि सांगण्याचा. गर्भपाताचा कायदा (१९७१, दुरुस्ती २०२१) वेगळा : २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी २४ पर्यंत दोघांचं. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. गडबड होते ती दोन्ही कायद्यांची सरमिसळ केल्याने. नको ती चौकशी मागे लागेल या भीतीने डॉक्टर १२ आठवड्यांनंतरच्या बाईला परत पाठवतात, आणि ती भोंदूकडे जाते.

प्रश्न : ‘गर्भाच्या हृदयाचे ठोके सुरू झाल्यावर गर्भपाताला बंदी’ हा मधला मार्ग नाही का?

आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पाळी चुकते तेव्हाच चार भरलेले असतात. ठोके सोनोग्राफीत सहाव्याच्या आसपास दिसतात. म्हणजे हातात उरले जेमतेम दोन आठवडे. पाळी अनियमित असेल तर तेही नाहीत.

दुसरी अडचण दवाखान्यातली. गर्भजल फुटून गर्भ वाचण्याची शक्यता संपली तरी ठोके काही काळ चालूच राहतात. आयर्लंडमध्ये २०१२ साली १७ आठवड्यांच्या गरोदर असलेल्या सविता हलप्पनवार यांच्याबाबत हेच झालं. त्यांनी गर्भपात मागितला, ठोके आहेत म्हणून तो नाकारला गेला, जंतुसंसर्ग रक्तात पसरून त्यांचा मृत्यू झाला. बाईच्या जिवाला धोका असेल तर सूट तिथल्या कायद्यात होती. पण धोका ‘पुरेसा’ कधी झाला हे ठरवणाऱ्या डॉक्टरच्या डोक्यावर तुरुंगाची टांगती तलवार असते, आणि तो थांबतो. गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क देणारी घटनात्मक तरतूद या बंदीमागे होती; आयर्लंडने ती २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्क्यांहून अधिक मतांनी रद्द केली.