सिगारेट सुटली, खोकला वाढला

सिगारेट सोडून व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर, आलेल्यांची पत्रं हल्ली वाढली आहेत. आधीच सांगून टाकते, व्हेपच्या विक्रीला आपल्याकडे बंदी आहे आणि मी ते कुणाला सुचवत नाही. पण ओपीडीत माझ्यासमोर बसणारा माणूस बहुधा ते सुरू करूनच आलेला असतो. त्याला ‘घेतलंतच कशाला’ म्हणून वाटेला लावलं, तर तो जाता जाता दवाखान्याखालच्या टपरीवर थांबतो. हे मी खिडकीतून पाहिलेलं आहे.

पंधरा वर्षं रोज दहा-बारा सिगारेटी ओढल्या. नऊ दिवसांपूर्वी बंद केल्या आणि व्हेप घेतलं. सिगारेट ओढताना नव्हता एवढा खोकला आता येतो, सकाळी कफ पडतो. लोकलमध्ये लोक माझ्यापासून तोंड फिरवतात. त्यापेक्षा सिगारेट बरी होती का? – वय ३६, डोंबिवली

नाही. पण तुम्हाला तसं का वाटतंय ते समजतं.

श्वासनलिकेच्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात. आत गेलेली धूळ, जंतू, कफ वरच्या दिशेला ढकलत राहणं हे त्यांचं काम. सिगारेटच्या धुरानं ते बधिर होतात. धूर थांबला की काही दिवसांत ते पुन्हा हलू लागतात आणि साठलेला माल वर येतो. पावसाळ्याआधी आपल्याकडे नाले उपसतात ना, तेव्हा काढलेला गाळ चार दिवस कडेलाच पडून असतो, वास मारतो, आणि लोक म्हणतात त्यापेक्षा उपसला नसता तर बरं. तसंच हे. सगळ्यांनाच असा खोकला येतो असं नाही, पण ज्यांना येतो त्यांचा काही आठवड्यांत ओसरतो.

आता दुसरी बाजू. व्हेपमध्ये धूर नसला तरी नुसतं पाणी उकळत नसतं. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन या दोन द्रवांत निकोटिन आणि वासाची रसायनं मिसळलेली असतात. हे दोन्ही द्रव ओलावा शोषतात, म्हणून घसा कोरडा पडतो, खवखवतो. फरक ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे सकाळी उठल्यावर कफासकट येणारा खोकला बहुतेक वेळा साफसफाईचा, आणि झुरका घेतल्या घेतल्या येणारी कोरडी ढास त्या द्रवाची. सिगारेटवाल्यांना जोरात, आखूड दम मारायची सवय असते, आणि तो जोर या यंत्राला मानवत नाही. एक तर द्रव घशात उडतो, नाहीतर आतली वात करपून जळका वास येतो. तो वास आला की तिथेच थांबा, करपलेलं ओढू नका.

एक गोष्ट मात्र व्हेपच्या नावावर खपवू नका. मुंबईत दोन आठवड्यांवर खोकला गेला की पहिली शंका टीबीची घ्यायची, मग तुम्ही काहीही ओढत असा. महापालिकेच्या दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते. कफात रक्त, संध्याकाळचा ताप, वजनात घट किंवा स्टेशनचा जिना चढताना नवी धाप, यांपैकी काही असेल तर दोन आठवडेही थांबू नका.

मी दिवसाला सहा-सात कटिंग पितो. सिगारेट बंद करून व्हेप घेतल्यापासून छातीत धडधड, हात थरथरतात, रात्री झोप नाही. व्हेप मानवत नाही असं समजू का? – वय ४४, लालबाग

चहा मोजा आधी.

ही गंमत फार थोड्या लोकांना ठाऊक असते. सिगारेटच्या धुरातल्या डांबरी घटकांमुळे यकृतातलं एक विकर (एन्झाइम) जास्त जोमानं काम करतं, आणि कॅफीन निकालात काढायचं काम त्याच विकराचं. म्हणून सिगारेट ओढणाऱ्याला सात कटिंग सहज पचतात. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. त्यामुळे व्हेपमधून निकोटिन मिळत राहिलं तरी धूर बंद झाल्यावर थोड्याच दिवसांत ते विकर पुन्हा आपल्या मूळ चालीवर येतं आणि त्याच सात कटिंगमधलं कॅफीन रक्तात जवळपास दुप्पट साचतं. तुमचा टपरीवाला तोच, ग्लास तोच, चहा मात्र दुप्पट कडक झालाय. निम्म्यावर या, दुपारी चारनंतर बंद करा, आठवडाभरात फरक कळेल.

याच विकरावर काही औषधंही अवलंबून असतात. दम्यासाठी थिओफिलिन किंवा मानसिक आजारासाठी क्लोझापिन, ओलान्झापिन सुरू असेल, तर सिगारेट बंद केल्याचं त्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात कळवा. डोस कमी करावा लागू शकतो. आणि धडधडीबरोबर छातीत दुखत असेल, घाम फुटत असेल तर पत्र लिहीत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

सिगारेटसाठी अकराव्या मजल्यावरून खाली उतरावं लागायचं. आता व्हेप टेबलावरच असतं, रात्री उशाशी. तीन आठवडे झाले. दुपारी डोकं गरगरतं, मळमळतं. पण त्यावर ५ टक्के लिहिलंय, म्हणजे कमीच ना? – वय २९, अंधेरी

५ टक्के बँकेच्या व्याजाला कमी, निकोटिनला नाही. ५ टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम. दोन मिलिलिटरच्या एका पॉडमध्ये, म्हणजे द्रवाच्या डबीत, १०० मिलिग्रॅम झालं. एका सिगारेटमधून शरीराला साधारण एक ते दीड मिलिग्रॅम निकोटिन मिळतं. पॉडमधलं सगळंच्या सगळं अंगात जात नाही, तरी हिशेब कुठे जातो ते तुम्हाला दिसेल. ब्रिटनमध्ये व्हेप कायदेशीर आहे, तिथले डॉक्टर सिगारेट सोडायला ते सुचवतातही, पण तिथेही मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची आहे. तुमच्या हातात त्याच्या अडीचपट आहे. शिवाय हे क्षाराच्या रूपातलं निकोटिन असतं, ते घशाला टोचत नाही, म्हणून जास्त झाल्याचं घसा सांगत नाही. मग पोट आणि डोकं सांगतं. गरगर आणि मळमळ म्हणजे मात्रा जास्त झाली. त्या दिवशी पुढचे काही तास बंदच.

पण मला तुमच्या पत्रातलं पहिलं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटलं. लिफ्टची वाट, पावसात छत्री, टपरीवरची गर्दी, सुट्टे पैसे. ही सगळी कुंपणं होती. त्यात सिगारेट स्वतःच संपायची. फिल्टर आला की विषय मिटला. व्हेपला फिल्टरचं टोक नाही. मीटिंगमध्ये एक झुरका, मेल लिहिताना दोन, आणि किती झाले याचा पत्ता तुम्हालाही नसतो.

तर कुंपणं परत घाला. यंत्र टेबलावर नको, बॅगेच्या आतल्या कप्प्यात. घ्यायचंच तर सिगारेटसारखं खाली उतरून, ठरलेल्या वेळी. उशाशी अजिबात नको, कारण उठल्या उठल्या पहिला झुरका घेणं ही व्यसन घट्ट झाल्याची खूण आहे. रोज तो पहिला झुरका अर्धा तास पुढे ढकलत जा.

आणि शेवटची तारीख ठरवा. २०१९ मध्ये इंग्लंडमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात व्हेप दिलेल्यांपैकी १८ टक्के लोक वर्षानंतर सिगारेटमुक्त होते, निकोटिनच्या गोळ्या-पट्ट्या घेणाऱ्यांत सुमारे १० टक्के. व्हेपवाले हा आकडा नेहमी सांगतात. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा सांगत नाहीत. व्हेपनं सिगारेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढत होते, गोळ्या-पट्ट्या घेणाऱ्यांत असे फक्त ९ टक्के. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर तारीख आजचीच, आणि पुढचं डॉक्टरांशी बोलून.

विसावरून तीनवर आलोय. सकाळची, जेवणानंतरची, रात्रीची. बाकी वेळ व्हेप. आता एवढं चालेल ना? – वय ५१, मुलुंड

विसावरून तीनवर येणं सोपं नाही, त्याबद्दल शाबासकी. पण हृदयाला तीनचं गणित तुम्ही समजता तसं कळत नाही. रोज एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही, वीस ओढणाऱ्याच्या हृदयविकाराच्या वाढीव धोक्यापैकी जवळपास निम्मा धोका उरतोच. फुप्फुसाच्या कॅन्सरचा हिशेब वेगळा, तिथे कमी ओढल्याचा फायदा जास्त. एक्कावन्नाव्या वर्षी मात्र मला तुमच्या हृदयाची काळजी आधी वाटते. सगळ्यात वाईट म्हणजे दोन्ही चालू ठेवून वर्षं काढणं. तिन्हींचा एकच दिवस ठरवा, त्याच्या आदल्या रात्री घरातलं लायटर आणि अ‍ॅशट्रे दोन्ही हलवा. तलफ तीन-पाच मिनिटांची असते. पहिले तीन दिवस ती वारंवार येते, नंतर अंतर वाढतं. एकट्यानं जमत नसेल तर तुमच्या पाकिटावरच १८००-११-२३५६ हा मोफत नंबर छापलेला असतो. इतकी वर्षं हातात होता, एकदा फिरवा.

मुलाच्या बॅगेत हायलायटरसारखं काहीतरी सापडलं. आंब्याचा वास येतो. अकरावीत आहे. म्हणतो, ‘आई, सिगारेटपेक्षा बरंय.’ तुम्हीही तसंच म्हणता असं ऐकलं. – विलेपार्ले

ताई, मी असं म्हणते ते तुमच्या यजमानांच्या वयाच्या, वीस वर्षं सिगारेट ओढलेल्या माणसाला. तुमचा मुलगा कशावरून उतरून यावर आलाय? सिगारेट कधी ओढलीच नसेल तर ही तुलनाच खोटी. या वयात मेंदू घडत असतो आणि निकोटिनची गाठ लवकर पक्की बसते.

रागावण्याआधी एवढंच विचारा, सकाळी उठल्यावर आठवण येते का, नाही मिळालं तर चिडचिड होते का. ‘हो’ आलं तर त्याला माझ्यासारख्या कुणाकडे घेऊन या, शिक्षा म्हणून नाही. ते यंत्र घरात पडू देऊ नका. धाकटं कुणी असेल तर त्यातला द्रव तोंडात जाणं जिवावर बेतू शकतं. आत लिथियमची बॅटरी असते, त्यामुळे ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्या.

चांगलं, ओरिजिनल व्हेप मुंबईत कुठे मिळेल? दुबईहून भावानं आणलं तर? – चेंबूर

नाही सांगणार. २०१९ च्या कायद्यानं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळ्याला बंदी आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आयातीलाही तेच. भावाला त्यात ओढू नका.

आणि ‘ओरिजिनल’ कोण ठरवणार? चोरट्या मालाला तपासणी नसते. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांची फुप्फुसं अचानक निकामी होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत दोन हजार आठशेवर रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. मुख्य कारण निघालं ते गांजाच्या अर्काच्या, बहुतांशी चोरट्या बाजारातल्या काडतुसांत घातलेलं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट. तो माल वेगळा होता हे खरं, पण तुमच्या डबीत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

व्हेप सोडून निकोटिनची चावायची गोळी (गम) सुरू केली. मिरची खाल्ल्यासारखं होतं, उचक्या लागतात. फेकून दिली. – वय ३८, भांडुप

तुम्ही ती च्युइंग गमसारखी चघळलीत. ती तशी नाही. हळूहळू दहा-पंधरा वेळा चावा, जिभेला झिणझिण्या आल्या की थांबा आणि गाल व हिरडी यांच्या मध्ये ठेवून द्या. मिनिटभरानं झिणझिणी गेली की पुन्हा चावा, बाजू बदला. असं अर्धा तास. निकोटिन गालातून शोषलं जातं, लाळेबरोबर गिळलं की उचक्या आणि जळजळ. एकेकाळी तंबाखू दाढेखाली धरणाऱ्या माझ्या पेशंटांना हे मला शिकवावंच लागत नाही, सिगारेटवाल्यांना चार वेळा सांगावं लागतं. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागायची, त्यांना बहुधा ४ मिलिग्रॅमची गोळी लागते, बाकीच्यांना २ ची पुरते. डॉक्टरांना विचारून ठरवा. गोळीच्या आधी पंधरा मिनिटं आणि ती तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत काही नको, आंबट-तुरट तोंडात ती लागू पडत नाही. म्हणजे कटिंग आधी, गोळी नंतर.