अ‍ॅक्सिस अँड अलाईजमध्ये ब्रिटनचं आरमार दर डावात बुडतंय, समुद्रातली लढाई नेमकी कशी खेळायची?

तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या महायुद्धावरच्या या पटावरच्या खेळात ब्रिटन घेऊन खेळता, पहिल्याच टर्नला बॅटलशिप विकत घेता आणि लगेच पुढच्या टर्नला जर्मनीची विमानं येऊन ती बुडवून जातात, मग चुकतंय कुठं. मी 1942 च्या सेकंड एडिशनचं धरून सांगतो, आमच्या परभणीच्या ग्रुपात तीच खेळतोत आम्ही आणि ब्रिटन बहुतेक वेळा माझ्याकडंच असतो.

तर आधी बॅटलशिपचंच घ्या. ती 4 वर मारते (म्हणजे सहाच्या फाशावर 4 किंवा कमी पडलं की हिट), दोन हिट खाते, लढाईतून वाचली की आपोआप दुरुस्त होते, हे सगळं खरंय, पण तिला 20 आयपीसी (खेळातले पैसे) लागतात आणि ब्रिटनची सुरुवातीची कमाई आहे 31. सोबत एक डिस्ट्रॉयर घेतला की 28 गेले. आता जर्मनीनं तीन फायटर अन् एक बॉम्बर पाठवला समजा. हल्ल्यात फायटर 3 वर, बॉम्बर 4 वर, बेरीज 13, भागिले 6, म्हणजे लढाईच्या एका राऊंडला (दोघांनी एकदा फासे टाकले की एक राऊंड) सरासरी दोनच्या वर हिट. तुमच्याकडं 4 आणि 2 मिळून 6, म्हणजे राऊंडला एक. तुम्ही एकूण तीनच हिट खाऊ शकता, दोन राऊंडात विषय संपला, त्याचं एखाद-दुसरं विमान पडेल तेवढंच.

तेच पैसे असे लावून बघा: एक कॅरिअर (विमानवाहू जहाज) 14, दोन डिस्ट्रॉयर 16, झाले 30. आणि तुमची दोन फायटर जी ब्रिटनमध्ये सुरुवातीपासून उभीच असतात ती नवीन कॅरिअरवर उतरवा, नियमात चालतं ते, ज्या सी झोनमध्ये (पटावरच्या समुद्राच्या भागात) कॅरिअर ठेवणार तिथं फायटर आधी आणून ठेवायची. बचावात फायटर 4 वर मारतं हे लई जण विसरतेत. आता तुमची बेरीज कॅरिअर 2, फायटर 4 आणि 4, डिस्ट्रॉयर 2 आणि 2, म्हणजे 14, राऊंडला दोनच्या वर हिट, आणि खायला पाच हिट. तीच चार विमानं आली तर पहिल्याच राऊंडात त्यातली दोन जायची. जर्मनीला ती विमानं रशियाच्या बाजूला पाहिजे असतात, इथं घालवणं त्याला परवडतच नाही, म्हणून शहाणा जर्मनी येतच नाही. समुद्रातली बरीचशी लढाई फासे टाकायच्या आधीच अशी मिटते, समोरच्याला हिशोब करून नको वाटलं पाहिजे.

डिस्ट्रॉयरशिवाय मात्र बाहेर पडूच नका. पाणबुडी 6 ला येते, हल्ल्यात 2 वर मारते आणि समोर डिस्ट्रॉयर नसला तर आधी मारते, म्हणजे तिनं बुडवलेल्या जहाजाला उलटा फासा टाकायला मिळतच नाही. शिवाय विमानांना डिस्ट्रॉयर सोबत असल्याशिवाय पाणबुडीला हात लावता येत नाही, तुमची 4 वाली फायटर नुसती बघत बसतेत आणि पाणबुडी पाहिजे तेव्हा बुडी मारून निघून जाते. समोर डिस्ट्रॉयर आहे का हे दर राऊंडला नव्याने बघतात बरं का, म्हणून हल्ल्यात पाणबुड्या असतील तर पहिल्या हिटला घाईघाईत शेवटचा डिस्ट्रॉयर देऊन टाकू नका, पुढच्याच राऊंडला त्या आधी मारायला सुरू करतील. उलट पाणबुडीचा हिट विमानावर घेता येत नाही हेही ध्यानात ठेवा.

पैशाचा साधा हिशोब सांगतो. 24 आयपीसीत चार पाणबुड्या येतात किंवा तीन डिस्ट्रॉयर किंवा दोन क्रूझर. हल्ल्यात पाणबुड्यांची बेरीज 8, बाकी दोघांची 6-6, आणि हिट खायला चार, तीन, दोन. क्रूझर 12 ला घेणं म्हणजे पैसे पाण्यात, माझं हे मत पक्कं आहे. त्याचा उपयोग किनाऱ्यावर तोफा मारायला, पण तिथंही अटी आहेत: ट्रान्सपोर्टमधून जेवढी युनिट उतरतील तेवढ्याच जहाजांना तोफ मारता येते, आणि त्या झोनमध्ये आधी समुद्रात लढाई झाली असेल तर अजिबात नाही. म्हणून ज्या किनाऱ्यावर उतरायचंय तिथलं पाणी आधीच्या टर्नलाच साफ करून ठेवायचं.

आणि हे सगळं करायचं कशासाठी, तर ट्रान्सपोर्टसाठी. मोंढ्यात माल पोचला तरच भाव मिळतो, तसं फ्रान्सात, नॉर्वेत सैन्य उतरलं तरच आरमाराचा उपयोग. ट्रान्सपोर्ट 7 ला येतं, एक इन्फंट्री (पायदळ) आणि सोबत आणखी एक जमिनीवरचं युनिट नेतं, पण ना मारतं ना बचाव करतं. सोबतची लढाऊ जहाजं संपल्यावर शेवटी हिट त्याच्यावर जातो, आणि नुसतीच ट्रान्सपोर्ट उभी असली तर शत्रूचं एकटं विमान येऊन सगळी बुडवतं, फासा टाकायची पण गरज नाही. सैन्य उतरवलं की ट्रान्सपोर्ट त्या टर्नला जागचं हलत नाही, म्हणून निघायच्या आधी बघा की जिथं उतरवणार तिथं रात्र काढता येईल का. जहाजं दोन झोन चालतात, फायटर चार, बॉम्बर सहा, पण विमानाला परत उतरायला जागा लागते, म्हणजे जाऊन परत यायचं अंतर मोजायचं. पटावर बोट ठेवून शत्रूचं एकेक विमान मोजा, कंटाळा करू नका.

अमेरिकेचं आरमार आलं की ते तुमच्याच झोनमध्ये उभं करायला सांगा. बचाव दोघं मिळून करता, हल्ला मात्र ज्याचा त्याच्या टर्नला. अमेरिकेची फायटर तुमच्या कॅरिअरवर बसू शकतात, फक्त ते कॅरिअर घेऊन तुम्ही स्वतः हल्ल्याला गेलात तर ती पाहुणी विमानं नुसतं सामान म्हणून सोबत जातात, मारत नाहीत.

पॅसिफिकमध्ये आणखी एक डाव लई कामाला येतो. जपानचं मोठं आरमार दोन झोन लांब उभं असलं तर मधल्या झोनमध्ये एकच डिस्ट्रॉयर आडवा टाकायचा. जपानला तिथं थांबून लढावंच लागतं, 8 आयपीसीत तुमचा अख्खा ताफा एक टर्न वाचतो. पाणबुडी किंवा ट्रान्सपोर्ट टाकून हे होत नाही, त्यांच्यामुळं झोन अडत नाही.

तुमच्याकडं 1940 वाली मोठी ग्लोबल एडिशन असेल तर थोडं बदलतं, तिथं कॅरिअर 16 ला येतं पण दोन हिट खातं, आणि मार खाल्लेली बॅटलशिप किंवा कॅरिअर नेव्हल बेसला नेल्याशिवाय दुरुस्त होत नाही. कोणती एडिशन आहे ते खाली सांगा, त्याप्रमाणं पहिल्या टर्नची खरेदी लिहून देतो.